राणीच्या आवाजाचे चाळीस सेकंद

मु. आंबेपाडा, ता. पेठ
१७ जानेवारी २०२४

माननीय शेखर गायधनी सर,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या सदराखाली छापलेलं असतं, 'फक्त हाताने लिहिलेल्या पत्रांना उत्तर मिळेल.' म्हणून हाताने लिहिते आहे. अक्षर शाळेच्या बाईंचं आहे, वाचायला त्रास पडू नये.

मी ललिता गावित, माहेरची भोये. इथं माहेरच्याच गावी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझे वडील बहिरू भोये हे तुमचे मामा खंडेराव यांच्या तंबू सिनेमात चौदा वर्षं ऑपरेटर होते. आता ते माझ्याकडेच असतात. वय एकोणऐंशी. डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो.

माझी मुलगी तेजस्विनी नाशिकला कॉलेजात आहे. तिला कुठूनसं कळलं की 'सात रांजणांची राणी' या जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमाची डिस्क निघाली आहे, आणि ती आजोबांच्या तंबूतल्याच रिळांवरून केली आहे. तिनं पैसे साठवून ती घेतली. डिस्क चालवायचं यंत्र मैत्रिणीकडून मागून आणलं, लॅपटॉपला जोडलं. बाबांना मध्ये बसवलं. त्यांना दिसत नाही, पण त्यांनी अख्खा सिनेमा ऐकला. "आता घोडा येईल," म्हणायचे, की घोडा यायचा. "आता इथं खरखर हाय बघ," म्हणायचे, की खरखर यायची. शेवटाकडे मात्र एकदम ताठ बसले आणि म्हणाले, "सांधा आला." सांधा म्हणजे फिल्मची दोन टोकं जोडलेली जागा.

सिनेमा संपल्यावर तेजस्विनीनं सोबतची पुस्तिका वाचायला घेतली. त्यात तुमचा लेख आहे. मी स्वयंपाकघरात होते, मला थांबवता आलं नाही. तुमची वाक्यं अशी:

'राणी चित्रपटभर मुकी. सातव्या रांजणाचं झाकण उचलते काय, आणि पुढच्याच क्षणी लग्नाच्या मांडवात घडाघडा बोलू लागते काय! मधले चाळीस सेकंद तंबूच्या ऑपरेटरनं कापून एखाद्या जत्रेत रेवड्यांच्या शेजारी विकले असावेत. सांधा मात्र इतका साफ की चोराच्या हाताचा मुका घ्यावा.'

तेजस्विनी वाचताना हसली. ते वाक्य हसण्यासारखंच आहे. मग तिच्या लक्षात आलं, ऑपरेटर म्हणजे कोण. बाबा काठी चाचपत उठले आणि अंगणात जाऊन बसले. जेवायला आले नाहीत.

माझी विनंती एवढीच. पुस्तिका पुन्हा छापाल तेव्हा 'ऑपरेटर' आणि 'चोर' हे दोन शब्द काढाल का? बाकी लेख छान आहे.

आपली,
ललिता गावित

---

इंदिरानगर, नाशिक
२९ जानेवारी २०२४

ललिताताई,

नमस्कार. हाताने लिहिलेल्या पत्रांची अट मी घातली ती केवळ आळसापोटी, म्हणजे पत्रंच येऊ नयेत म्हणून. तुम्ही ती अट पाळलीत, तेही इतक्या वळणदार अक्षरात, त्यामुळे आता माझी सुटका नाही.

प्रथम एक खुलासा. माझ्या लेखातला ऑपरेटर म्हणजे तुमचे वडील नव्हेत. तो एक नमुना आहे. जसा सरकारी कारकून, जसा लग्नातला फोटोग्राफर. तंबू सिनेमाच्या जमान्यात असे ऑपरेटर गावोगाव होते आणि पोरांना फिल्मचे तुकडे विकत होते, हे जगजाहीर आहे. विनोदाला आडनाव नसतं, ताई. आम्ही विनोदी लेखक बंदूक आकाशाकडे धरून उडवतो. पक्षी पडला तर त्याला कोण काय करणार!

शिवाय खरं सांगायचं तर हा लेख वाचणार कोण? 'दुसरा खेळ' ही डिस्कवाल्यांची कंपनी म्हणजे तृप्ती नावाची एक जिद्दी मुलगी आणि तिचं भाड्याचं ऑफिस. मामा गेल्यावर त्याच्या माळ्यावर मला रिळं सापडली, ती मी तिला दिली. तिनं दोन वर्षं खपून एकेक ओरखडा पुसला. अख्ख्या महाराष्ट्रात ही डिस्क तीनशे लोक घेतील, त्यातल्या अडीचशेंच्या घरी ती चालवायचं यंत्र नसेल, आणि उरलेले पन्नास जण पुस्तिका चहाच्या कपाखाली ठेवतील.

तरीही बहिरूकाकांचा मान राखला गेला पाहिजे, यात शंका नाही. पुढच्या आवृत्तीत 'विशेष आभार' या मथळ्याखाली त्यांचं नाव ठळक टाकायला सांगतो. दुसरं, पंचवीस फेब्रुवारीला नाशिकला या सिनेमाचा खेळ आणि छोटा समारंभ आहे. काकांना घेऊन या, शाल-श्रीफळ देऊ. तृप्तीला त्यांची मुलाखतही चित्रित करायची आहे, जादाचा मजकूर म्हणून. सातव्या रांजणात नेमकं काय होतं, हे आज कुणालाच ठाऊक नाही. काकांनी शेकडो वेळा पाहिलेलं असणार. त्यांनी सांगितलं तर मोठंच काम होईल.

दोन डिस्का भेट म्हणून पाठवत आहे.

तुमचा,
शेखर गायधनी

---

आंबेपाडा
११ फेब्रुवारी २०२४

माननीय सर,

डिस्का मिळाल्या. परत पाठवते आहे. एक आहे तेवढी पुरते.

तुम्ही म्हणता, विनोदाला आडनाव नसतं. पण खंडेराव मामांच्या तंबूला एकच ऑपरेटर होता, आणि त्याला आडनाव आहे. तुमच्या बंदुकीचा पक्षी कुठं पडला ते सांगते. लांबलं तर माफ करा.

१९८३ च्या दिवाळीत तंबू आमच्या गावाजवळच्या जत्रेत लागला होता. तिसऱ्या दिवशी खेळात राणीचा तो भाग आलाच नाही. लोकांनी आरडाओरडा केला. खंडेराव मामांनी सकाळी रीळ उलगडून सांधा पाहिला आणि म्हणाले, "हे शिकाऊ हाताचं काम नाही. इतका साफ सांधा या तंबूत एकच माणूस घालतो." बाबा म्हणाले, मी नाही केलं. मामा म्हणाले, मग घे शपथ.

आमच्याकडे शिवेवर वाघदेव आहे. सागाचा खांब, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. त्याच्यावर हात ठेवून माणूस खोटं बोलत नाही. बोलला तर ते त्याच्या घरावर उलटतं, असं आम्ही मानतो. तुम्ही तुमच्या सदरात अशा गोष्टींची चेष्टा करता, मी वाचलेली आहे. बाबांनी गावासमोर खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी कापली नाय." मामांनी तरी कामावरून काढलंच.

चार महिन्यांनी, शिमग्याच्या तोंडावर, माझा भाऊ सोमा तापानं गेला. सहा वर्षांचा होता. दवाखान्यात नेईपर्यंत झोळीतच गेला. मी तेव्हा वर्षाची होते, मला काही आठवत नाही. गावानं काय म्हटलं ते तुम्ही ओळखलं असेल. शपथ उलटली. माझी आई कुसाबाई रोज रात्री बाबांच्या पाया पडायची: "कबूल करा हो, नाहीतर ही पोरगीपण जाईल." ही पोरगी म्हणजे मी.

तर बाबांनी कबूल केलं. त्याच खांबापाशी, त्याच लोकांसमोर. म्हणाले, "मी कापली, मी लबाड बोललो." त्यानंतर चाळीस वर्षं वाघबारशीला, वाघदेवाच्या पूजेला, ते पुढे जात नाहीत, मागे काढून ठेवलेल्या जोड्यांजवळ उभे राहतात. द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे जायचे, तिथं कुणाला सांगत नसत की मी सिनेमाची मशीन चालवायचो.

आणि आता ते विसरलेत सर. खरंच कापली की नाही, हे त्यांनाच कळेनासं झालंय. इतक्या वेळा कबूल केलं की आता हात आठवतो म्हणतात, कात्री आठवते म्हणतात. तुमचा लेख ऐकल्यापासून एकच धोशा लावलाय: "तो शेखर तिथंच होता. खंडेरावचा भाचा. माझ्या टेबलाखाली बसायचा दिवसभर. माझ्यातली भाकर खायचा. त्याला विचार, त्यानं बघितलं का मला कापताना?"

म्हणून विचारते. तुम्ही पाहिलं होतं का?

रांजणाचं म्हणाल तर बाबांनी लगेच सांगितलं, मुलाखत लागत नाही. रांजण रिकामा असतो. आतून राणीला तिच्याच आवाजात हाक येते, आणि मुकी राणी 'ओ' देते. अख्खा तंबू तिच्याबरोबर 'ओ' द्यायचा. तुम्हाला आठवत नाही याचं बाबांना नवल वाटलं.

ललिता गावित

---

इंदिरानगर
२० मार्च २०२४

ललिताताई,

उत्तराला उशीर झाला. समारंभाची धावपळ, त्यात सदर, त्यात घरी मुलगी निकिताची बारावी. कारणं तीन दिली म्हणजे एकही खरं नसणार, असं माझाच एक जुना लेख सांगतो. पण या वेळी तिन्ही खरी आहेत.

तुमच्या भावाविषयी वाचून फार वाईट वाटलं. मला काहीच कल्पना नव्हती.

तुम्ही विचारलंत त्याविषयी: मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. दिवसभर जत्रेत उंडारायचो आणि दुपारी टेबलाखाली गाढ झोपायचो. त्या दुपारीही झोपलोच होतो. त्यामुळे कुणी काय केलं, हे मला सांगता येणार नाही. लहान मुलाच्या साक्षीला तसाही काय अर्थ?

तृप्तीशी बोललो आहे. पुढच्या छपाईत ते वाक्य पूर्ण काढून 'काळाच्या ओघात चित्रपटाचा काही भाग नष्ट झाला' असं टाकू. काळावर आळ घेतला की कुणी तक्रार करत नाही. म्हणजे विषय मिटला असं समजायला हरकत नसावी.

काकांना माझा नमस्कार सांगा.

शेखर

---

आंबेपाडा
२ एप्रिल २०२४

माननीय सर,

तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

म्हणाले, "झोपलेला होता, खरं हाय. मीच त्याच्या अंगावर गोधडी टाकली आणि नदीवर गेलो आंघोळीला. लय थंडी होती."

मग म्हणाले, "तंबूत दुसरं कोण नव्हतंच. खंडेराव पेठला गेलेला. पोरगा झोपलेला. म्हंजे मग मीच."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नदीवर होतात ना?"

तर म्हणाले, "नदीवर जायच्या आधी कापली असंल. लिहून टाक त्याला, बरं झालं सांगितलं. इतकी वर्सं मनात एवढुसं राहिलं होतं की आपण नसंल कापली. आता नाय राहिलं."

त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. तुमचे आभार मानायलाही सांगितलंय. ते मी मानत नाही.

ललिता

---

इंदिरानगर
२२ एप्रिल २०२४

ललिताताई,

हे पत्र मी सहाव्यांदा लिहितो आहे. पहिले तीन खर्डे विनोदी झाले. खरंच. आपोआप झाले. एकात मी दहा वर्षांच्या मला 'राजघराण्याचा तरुण दरोडेखोर' म्हटलं होतं आणि त्या शब्दांवर खूश होऊन उठून चहाही करून घेतला होता. चहा अर्धा झाल्यावर तुमच्या वडिलांचं वाक्य आठवलं, 'आता नाय राहिलं.' मग ते कागद फाडले. चौथा खर्डा माझ्या आईवडिलांविषयी झाला, पाचवा त्या काळाविषयी. म्हणजे दोन्ही पळवाटा. आता सरळ लिहितो.

ती फिल्म मी कापली.

माझे वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात होते, आम्ही कॉलनीत राहायचो. तिथल्या पोरांत एक वेड होतं. फिल्मचे तुकडे जमवायचे, बुटाच्या खोक्याला भोक पाडायचं, गेलेल्या बल्बमध्ये पाणी भरून ते भिंग लावायचं, आरशानं उन्हाचा कवडसा आत टाकायचा आणि भिंतीवर चित्र पाडायचं. ज्याच्याकडे जास्त तुकडे, तो राजा. माझ्या मामाचा तर अख्खा तंबू होता, आणि माझ्याकडे एकही तुकडा नव्हता. पोरं मला थापाड्या म्हणायची.

बहिरूकाका मला शेजारी बसवून शिकवायचे. फिल्मच्या काठाला एक नागमोडी रेघ असते. त्यांनी ती उजेडात धरून दाखवली आणि म्हणाले, "हिच्यात आवाज ऱ्हातो." मला वाटलं, राणीचा आवाज त्या तुकड्यात खराखुरा भरलेला आहे. तेवढा माझ्याकडे असला की भिंतीवरची राणी माझ्याशी बोलेल. त्यांनी मला सांधाही शिकवला. टोकं ब्लेडनं खरवडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा एक थेंब, आणि अंगठ्यानं वीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. मी त्यांच्याच टाकाऊ तुकड्यांवर सराव करायचो. "हात चांगला हाय तुझा," म्हणायचे.

त्या दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं होतं. त्यांनी गोधडी टाकली, तिला डिझेलचा वास होता. ते नदीकडे गेले. मी उठलो, रीळ उलगडलं, राणी वाकते तिथून लग्नाच्या मांडवापर्यंत कापलं, सांधलं, वीस आकडे मोजले. गुंडाळी दप्तराच्या तळाशी घातली आणि पुन्हा गोधडीत शिरलो.

मामा ज्याला 'शिकाऊ हाताचं काम नाही' म्हणाला, तो सांधा माझा होता. आणि चाळीस वर्षांनी पुस्तिकेत ज्याच्या हाताचा मुका घ्यावा असं मी लिहिलं, तोही माझाच हात. मी स्वतःची पाठ थोपटत होतो, ताई. लिहिताना मला ते पुरतं ठाऊक होतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

वाघदेवापाशी मी होतो. मामाचं बोट धरून. बोलावं असं एकदा वाटलं. पण मामानं मारलं असतं, म्हणून नाही बोललो. एवढंच कारण. त्याहून मोठं काही नव्हतं.

तुकडे एकलहऱ्याला गेल्यावर आठवडाभरात संपले. गोट्या, पतंग, एक भोवरा. राणी भिंतीवर उमटली, पण बोलली नाही. एकही तुकडा उरलेला नाही. उरला असता तर तो पाठवून मी मोकळा झालो असतो, म्हणजे माझ्यासारख्याला ते सोयीचं झालं असतं.

मामा वारल्यावर माळ्यावर रिळं दिसली तेव्हा खरं सांगायची संधी होती. तृप्तीनं विचारलं, "हे चाळीस सेकंद कुठं गेले असतील हो?" मी म्हटलं, "ऑपरेटर!" ती हसली. मग मी ते लेखात घातलं, कारण ती हसली होती.

मार्चमध्ये तुम्हाला लिहिलं की मी झोपलो होतो, तेव्हा दहा वर्षांचा नव्हतो. एक्कावन्न वर्षांचा होतो.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी द्यावं लागेल. तुम्ही सांगाल तिथं, सांगाल त्यांच्यासमोर येऊन हे बोलेन.

शेखर गायधनी

---

आंबेपाडा
८ मे २०२४

शेखर गायधनी यांस,

निवडणुकीच्या कामाला लावलं होतं, म्हणून उशीर. माझं कारण एकच आहे आणि ते खरं आहे.

पत्र मी आधी एकटीनं वाचलं. चूल पेटलेली होती, त्यात टाकणार होते. तेजस्विनी म्हणाली, "आई, ते तुझं नाही, आजोबांचं आहे." मग वाचून दाखवलं, सगळं, बल्बच्या पाण्यापासून.

बाबा मध्येच एकदा हसले. "वीस मोजले का त्यानं?" म्हणाले. "मी पंधराच मोजायचो. त्याला वीस सांगितले, लहान हाताला जोर नसतो म्हणून." तुमच्यावर ते रागावले नाहीत. मला त्याचाच राग आला. मी म्हटलं, "बाबा, त्या माणसानं तुम्हाला चोर केलं." तर म्हणाले, "पोर होतं गं." मी म्हटलं, "मार्चमध्ये पोर नव्हता."

दोन दिवस गाव येऊन जात होतं, बातमी लपून राहते थोडीच? जुनी माणसं बाबांचे हात धरून रडली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना माझा हात धरला आणि म्हणाले,

"मंग सोमा कशानं गेला?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. चाळीस वर्षं त्यांच्याजवळ निदान एक कारण होतं. वाईट होतं, पण होतं. माझ्या लबाडीनं पोरगं गेलं. आता लबाडी नव्हतीच म्हटल्यावर पोरगं उगाच गेलं. आई तर हे न कळताच गेली. मी म्हटलं, "तापानं गेला बाबा, हिवतापानं." ते म्हणाले, "ताप तर समद्यांलाच येतो."

रोज सकाळी विचारतात.

तुम्ही येतो म्हणालात, तर या. २६ तारखेला, रविवारी. गाव जमेल. डिस्क आणू नका, शाल आणू नका, तृप्तीबाई आणि कॅमेरा आणू नका. लिहून आणून वाचू नका. तुम्ही लिहिलेलं फार चांगलं असतं. तोंडानं बोला.

ललिता

---

इंदिरानगर
३० मे २०२४

ललिताताई,

रविवारी मी परत निघालो तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात. तेव्हा बोलायचं राहिलं ते लिहितो.

आधी कामाचं. पुस्तिकेत आता हे छापलं जाईल: 'या चित्रपटातील चाळीस सेकंदांचा भाग १९८३ साली शेखर गायधनी याने कापला आणि वाया घालवला. त्याचा आळ ऑपरेटर बहिरू भोये यांच्यावर आला. त्यांनी शपथेवर नाकारले होते आणि ते खरे बोलले होते. सातव्या रांजणाचे वर्णन त्यांनीच सांगितले आहे.' तृप्ती म्हणाली, फार कोरडं झालं, तुमची नेहमीची गंमत कुठाय? मी म्हटलं, असंच राहू दे. विकल्या गेलेल्या डिस्कांच्या मालकांनाही ती हा कागद वेगळा पाठवते आहे. या रविवारच्या सदरातही एवढाच मजकूर जाईल, बाकी जागा कोरी. संपादकांनी विचारलं, यात विनोद कुठं येतो? येत नाही म्हटलं.

आता वाघदेवापाशी काय झालं ते. तुम्ही बायकांच्या बाजूला होतात, तुम्हाला दिसलं नसेल. तुमच्या गावचे कारभारी म्हणाले, "हात ठेवून बोला." मी वीस वर्षं अशा शपथांची टिंगल केलेला माणूस. वाटलं, ठेवू हात, लाकूडच तर आहे. आणि हात ठेवला तर तो थरथरायला लागला. खरं बोलायला आलो होतो, एक अक्षरही खोटं बोलणार नव्हतो, तरी मनगटापासून थरथरत होता. कारण खांबाला हात लागला आणि मला निकिता आठवली. चुकून एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर, असं वाटलं. दुसऱ्या हातानं तो हात दाबून धरला, तेव्हा कुठं बोलता आलं. किती बोललो, आठवत नाही. लोक ऐकत होते. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

मग बहिरूकाकांना कुणीतरी धरून पुढं आणलं. जोड्यांजवळून थेट खांबापर्यंत. तेवढं मात्र मी पाहिलं. त्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी हवेत हात फिरवत हाक मारली, "शेखर?" मी दोन हातांवर होतो. मला ओ देता आली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना कळलं. म्हणाले, "जेवून जा. तेव्हापण उपाशी झोपायचास." आणि तुम्ही मला जेवायला वाढलंत. तुमच्या मनात नव्हतं, तरी दोनदा वाढलंत. त्या भाकरीचा घास कसा गिळला, ते तुम्हाला सांगून तुमची कीव मागत नाही.

जेवताना त्यांनी मलाही विचारलं. "मंग सोमा?" मी शब्दांवर पोट भरणारा माणूस, माझ्याकडे एकही शब्द निघाला नाही. आजही नाही. ते रोज विचारतात, आणि रोज ते तुम्हाला ऐकावं लागतं. हेही माझंच.

पण त्यांनी जानेवारीपासून दुसरंही एक विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मी एकदा खोटं दिलं. ते आता खरं देतो. हे त्यांना वाचून दाखवा, हळू वाचा:

बहिरूकाका, तुम्ही विचारलं होतं, मी बघितलं का. बघितलं. त्या सकाळी तुम्ही खांबावर हात ठेवलात तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो. सोमा तुमच्या धोतराला धरून होता. तुमचा हात हलला नाही. एवढासाही नाही. मी बघत होतो. मी जागा होतो.

शेखर